कॉव्हेंट्रीचं ग्राउंड नक्की कोणाचं? बालेवाडीवाल्यांनी उलगडलेलं एक प्रकरण

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबनं स्वतःचं स्टेडियम विकत घेतल्याची बातमी आली तेव्हा माझ्या मावसभावानं ती ग्रुपवर टाकली आणि खाली एवढंच लिहिलं, "दादा, वीस वर्षं लागली." तो कंपनीच्या कामानं २०१२ ते २०१५ तिकडे होता. पिंपरी-चाकणच्या ऑटो लाईनमधल्या लोकांना हे गाव नवीन नाही, जग्वार लँड रोव्हरचं मुख्य ऑफिस तिथेच आहे आणि २००८ मध्ये टाटा मोटर्सनं ती कंपनी घेतल्यापासून पुण्यातनं तिकडे येणं-जाणं चालूच असतं. गावही आपल्यासारखंच, आधी सायकलींचं मग गाड्यांचं, क्लबच मुळात १८८३ मध्ये सिंगर सायकल कारखान्यातल्या कामगारांनी काढला.

त्या एका मेसेजवरून आमच्या शनिवारच्या बैठकीत जो वाद सुरू झाला तो तीन-चार आठवडे पुरला. बैठक म्हणजे पौड रोडला मित्राच्या घरी, टीव्हीसमोर. मी, मावसभाऊ, मित्र स्वतः जो सीए आहे, एक वकील मैत्रीण जी दिवसभर फ्लॅट आणि जमिनींचे टायटल सर्च करते, आणि मित्राचे वडील म्हणजे आमचे काका, ज्यांनी १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये केनियानं वेस्ट इंडिजला हरवलं ती मॅच नेहरू स्टेडियमला बसून पाहिलीय.

विषय कॉव्हेंट्रीचा, पण दुखणं बालेवाडीचं, हे आधीच सांगतो. आम्ही सगळे बालेवाडीच्या स्टेडियमला फुटबॉल बघायला जाणारे. २००९ ला पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये, आली तेव्हापासून, २०१२-१३ ला आपण दुसरे आलो तो सीझन तर मी जवळपास पूर्ण बघितलाय. २०१५ मध्ये पुणे एफसी बंद, त्याच वर्षी भारत एफसी एक सीझन खेळून बंद. इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, पाच सीझन, फ्रान्सचा त्रेझेगे आपल्या ग्राउंडवर पळताना पाहिला आपण, २०१७-१८ ला सेमीफायनल खेळलो, आणि मग मालकांच्या आर्थिक अडचणीत क्लब संपला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादनं २०२१-२२ ला लीग जिंकली पण. २०२५ मध्ये तीच जागा तिथनं उठून दिल्लीला गेली. या सगळ्यात बालेवाडीचं स्टेडियम जागच्या जागी आहे, १९९४ च्या नॅशनल गेम्सला उभं राहिलेलं, सरकारी मालकीचं, त्याला कोण आलं कोण गेलं याचा काही फरक पडला नाही. म्हणून आमचा प्रश्न होता की ग्राउंड स्वतःचं असतं तर क्लब राहिला असता का. मावसभाऊ म्हणाला, याचं उत्तर हवं असेल तर कॉव्हेंट्रीचं प्रकरण अथपासून इतिपर्यंत बघा, मधूनच उचलू नका. तसंच केलं, आणि खाली जे लिहितोय ते त्यातलंच.

राहतं घर आधी विकलं

कॉव्हेंट्रीचं जुनं ग्राउंड हायफील्ड रोड. १८९९ पासून तिथेच. चारही बाजूंनी घरांच्या ओळी, शहराच्या मध्यापासून चालत जाता येईल असं, म्हणजे आपल्याकडे नारायण पेठेत कुठेतरी स्टेडियम असावं तसं. १९८१ मध्ये इंग्लंडमधलं पहिलं सगळ्या खुर्च्या असलेलं ग्राउंड हेच झालं, जिमी हिल नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघालेली कल्पना, आधी मॅनेजर आणि नंतर क्लबचा चेअरमन. १९८७ मध्ये टॉटेनहॅमला ३-२ हरवून एफए कप जिंकला. १९६७ ते २००१ अशी सलग ३४ वर्षं पहिल्या डिव्हिजनमध्ये. मोठा क्लब नाही पण पक्का क्लब.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेव्हाच्या मॅनेजमेंटला मोठं स्टेडियम हवं झालं. शहराच्या उत्तरेला जुन्या गॅसच्या कारखान्याची रिकामी जागा होती, तिथे सरकतं मैदान वगैरे असलेलं भव्य काहीतरी बांधायचं ठरलं. पैसे उभे करायला हायफील्ड रोड बिल्डरला विकून टाकलं आणि नवीन होईपर्यंत तिथेच भाड्यानं राहायचं ठरलं. इथे वकील मैत्रिणीनं हातातला कप खाली ठेवला. "नवीन जागेचा ताबा नाही, बांधकामाची खात्री नाही आणि राहतं घर विकून मोकळे?" वाडा रिडेव्हलपमेंटला देणारे आजी-आजोबासुद्धा आधी पर्यायी जागेचा करार आणि बँक गॅरंटी मागतात हे तिचं म्हणणं, आणि मला वाटतं संपूर्ण प्रकरणातली मूळ चूक ती हीच, बाकी सगळं त्यातनं फुटलेलं.

२००१ ला क्लब खाली गेला. प्रीमियर लीगचे टीव्हीचे पैसे बंद, कर्ज तसंच. नवीन स्टेडियम अर्धवट कल्पनेतच. शेवटी शहराचं कौन्सिल पुढे आलं, म्हणजे आपली महापालिका म्हणू. स्टेडियम चालवायला एरिना कॉव्हेंट्री लिमिटेड नावाची कंपनी, त्यात अर्धा वाटा कौन्सिलचा आणि अर्धा क्लबचा ठरला होता. पण क्लबला रोजच्या खर्चालाच पैसे नव्हते म्हणून २००३ मध्ये तो अर्धा वाटाही क्लबनं विकला, अ‍ॅलन एडवर्ड हिग्ज चॅरिटी नावाच्या तिथल्याच धर्मादाय ट्रस्टला. ट्रस्टनं मदत म्हणूनच घेतला, त्यांचा यात काही डाव होता असं मला कुठेच दिसत नाही.

३० एप्रिल २००५ ला हायफील्ड रोडवर शेवटची मॅच, डर्बीला ६-२. २० ऑगस्ट २००५ ला नवीन रिको एरिनात पहिली, क्वीन्स पार्क रेंजर्सला ३-०. बत्तीस हजारांच्या वर खुर्च्या, चकचकीत. लोक खूश होते. आणि १०६ वर्षं हायफील्ड रोडवर खेळलेला क्लब त्या दिवसापासून दुसऱ्याच्या स्टेडियममध्ये भाडेकरू झाला, ना जमीन त्यांची, ना इमारत, ना चालवणारी कंपनी. जुन्या जागेवर आता घरं आहेत.

भाडं आणि गल्ला

भाडं वर्षाला साधारण बारा लाख पौंड. आकडा ऐकून काका म्हणाले मोठ्या क्लबला काय जड आहे. तर जड आहे, आणि का ते सीए मित्रानं समजावलं ते इथे थोडं लिहितो कारण हे समजलं नाही तर पुढचं सगळं नुसतं भांडण वाटतं.

प्रीमियर लीगमधल्या क्लबला टीव्हीचे पैसे इतके असतात की तिकीटविक्री हा त्यातला एक भाग. खालच्या डिव्हिजनला मात्र मॅचच्या दिवशी जो गल्ला जमतो त्यावर घर चालतं. गल्ला म्हणजे नुसतं तिकीट नाही. बियर, मीट पाय, पार्किंग, वरच्या मजल्यावर जेवत मॅच बघायच्या खास केबिन, जाहिरातीचे बोर्ड, स्टेडियमला कंपनीचं नाव द्यायचे पैसे, आणि मॅच नसेल त्या दिवशी लग्न, प्रदर्शन, कॉन्सर्ट. रिको एरिनात तर हॉटेल होतं आणि कॅसिनोसुद्धा. यातला खाण्यापिण्याचा आणि बाकीचा गल्ला स्टेडियम कंपनीकडे जायचा, क्लबकडे नाही. म्हणजे माणसं आणायची क्लबनं आणि ती माणसं आत येऊन जे खर्च करणार ते दुसऱ्याच्या खिशात, वर भाडं वेगळं. एखाद्यानं तुळशीबागेत गाळा भाड्यानं घ्यावा आणि मालकानं म्हणावं की गर्दी तू जमव, समोरच्या भेळेच्या गाडीचे पैसे माझे.

म्हणून आमच्यात ठरलं की "स्टेडियम कोणाचं" असं विचारायचंच नाही. जमीन कोणाच्या नावावर, चालवणारी कंपनी कोणाची आणि मॅचच्या दिवसाचा गल्ला कोणाचा, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि यांची उत्तरं तीन वेगवेगळी माणसं असू शकतात. कॉव्हेंट्रीच्या फॅन्सनी पुढची पंधरा वर्षं याच तिन्हीत गोंधळ होताना पाहिला.

भाडं थांबलं

डिसेंबर २००७ मध्ये क्लब अगदी दिवाळखोरीच्या दारात असताना सिसू नावाच्या हेज फंडानं, म्हणजे श्रीमंतांचे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीनं, तो घेतला. सुरुवातीला लोकांनी त्यांना वाचवणारे म्हणूनच पाहिलं, हे मावसभावानं मुद्दाम सांगितलं, कारण नंतर सगळे विसरतात. २०१२ मध्ये क्लब अजून एक पायरी खाली, लीग वनमध्ये गेला आणि त्याच सुमारास क्लबनं भाडं देणं बंद केलं. तिसऱ्या डिव्हिजनला बारा लाखांचं भाडं परवडत नाही आणि गल्ल्यात वाटा नाही, हे त्यांचं म्हणणं. स्टेडियम कंपनीनं भाडं चार लाखांपर्यंत उतरवायची तयारी दाखवली, तरी जुळलं नाही.

इथे आमच्यात पहिली खडाजंगी. वकील मैत्रीण म्हणाली, "अरे करार सही केलाय ना? भाडं थकवलं की भाडेकरू चुकला, विषय संपला." सीए म्हणाला की पहिल्या डिव्हिजनच्या स्वप्नावर ठरवलेलं भाडं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तसंच ठेवणं हा धंदाच नाही, करारात डिव्हिजनप्रमाणे भाडं कमी-जास्त व्हायची तरतूद हवी होती. मला दोघांचंही पटतं. पण भाडं थकवून घरमालकाला खिळखिळं करायचं आणि मग जागा स्वस्तात पदरात पाडून घ्यायची, असा संशय तिथल्या बऱ्याच फॅन्सना होता आणि मावसभावाला आजही आहे. तो मी संशय म्हणूनच लिहितोय.

जानेवारी २०१३ मध्ये कौन्सिलनं स्टेडियम कंपनीला १ कोटी ४४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, तिचं बँकेचं कर्ज फेडायला. सिसू कोर्टात गेलं की जनतेच्या पैशातून ही बेकायदा मदत आहे. २०१४ मध्ये हरले, वर अपील केलं, तिथेही हरले. मार्च २०१३ मध्ये क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून बाहेरच्या प्रशासकाच्या हातात, लीगचे १० पॉइंट कापले. ऑगस्टमध्ये देणेकऱ्यांशी तडजोड फिसकटली, आणखी १० पॉइंट.

टेकडी

आणि मग ते झालं ज्यासाठी मावसभाऊ हे प्रकरण विसरत नाही. २०१३-१४ च्या सीझनला क्लबनं घरच्या मॅचेस नॉर्थम्प्टनला नेल्या, सिक्सफील्ड्स नावाच्या साडेसात-एक हजारांच्या ग्राउंडवर. अंतर साधारण ५५ किलोमीटर. पुण्याच्या क्लबनं सांगावं की यंदा होम मॅच शिरवळच्या पुढे, तसं. स्वतःच्या शहरात बत्तीस हजारांचं स्टेडियम रिकामं उभं.

पहिली मॅच ब्रिस्टल सिटीशी, ५-४ असा जबरदस्त निकाल लागला, आणि बघायला सव्वादोन हजारांच्या आसपास माणसं. आदल्या सीझनला हाच क्लब दहा-अकरा हजार सरासरीनं भरत होता. पूर्ण सीझनची सरासरी अडीच हजारांच्या खालीच राहिली.

बाकीचे कुठे गेले? काही घरी बसले. काहींनी "नॉट वन पेनी मोअर" म्हणजे आता एक पैसाही देणार नाही असं ठरवलं. आणि काही जण प्रत्येक मॅचला नॉर्थम्प्टनला जायचेच पण आत जायचे नाहीत. सिक्सफील्ड्सच्या बाहेर एक छोटी टेकडी आहे, तिच्यावरून मैदानाचा काही भाग दिसतो. तिथे पावसात, थंडीत, निळे झेंडे घेऊन उभे राहायचे, तिथूनच गाणी म्हणायचे, गोल झाला की तिथूनच ओरडायचे. त्या टेकडीला त्यांनी जिमीज हिल नाव दिलं, त्याच जिमी हिलवरून.

मावसभाऊ तीनदा गेला होता त्या टेकडीवर, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर. तो सांगत होता की त्या सहकाऱ्याचे वडील मात्र आत जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं, पोरं आपल्या जर्सीत खेळतायत, त्यांचा काय गुन्हा, रिकाम्या खुर्च्यांसमोर त्यांना का खेळायला लावायचं. मुलाचं म्हणणं, तिकीट काढलं की मालकाला वाटणार हे चालतंय. दोघं एकाच गाडीनं यायचे, पार्किंगमध्ये एक डावीकडे जायचा एक उजवीकडे, आणि मॅच संपली की परत एकाच गाडीत. परतीच्या वाटेत मॅचवर बोलायचे, बाकी विषय नाही. मावसभाऊ मागच्या सीटवर.

हे ऐकून आमच्या काकांनी लगेच निकाल दिला की आत जाणारा बाप बरोबर. मी त्या वेळी टेकडीवाल्यांच्या बाजूनं बोललो आणि अजूनही तसंच वाटतं, पण बापाला चूक म्हणायला जीभ रेटत नाही. क्लबवर जीव असलेल्या दोन माणसांना असं वेगळ्या रांगेत उभं करणं, हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे आणि ते कुठल्याच बॅलन्स शीटमध्ये येत नाही. घरमालक-भाडेकरूच्या भांडणात दोघांच्याही हातात दाबायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे फॅन्सचं शहर, आणि ती दाबली गेली.

सप्टेंबर २०१४ मध्ये समझोता होऊन क्लब परत आला. जिलिंगहॅमशी मॅच, १-० जिंकली, आणि आले २७,३०६ लोक. तिसऱ्या डिव्हिजनच्या मॅचला. मावसभाऊ होता त्या दिवशी. तो म्हणतो मॅचमधलं त्याला काही आठवत नाही, लोक अनोळखी माणसांशी हस्तांदोलन करत होते तेवढं आठवतं.

दुसऱ्याच कोणीतरी घेतलं

आता नीट बघा. सप्टेंबरात परत आले आणि नोव्हेंबर संपायच्या आत स्टेडियम कंपनी विकली गेली, क्लबला नाही, वास्प्स नावाच्या रग्बी क्लबला, जो लंडनकडचा, वायकंबला खेळणारा. कौन्सिलचा अर्धा आणि चॅरिटीचा अर्धा, दोन्ही वाटे. शिवाय लीज वाढवून २५० वर्षांची करून दिली. जमीन कौन्सिलकडेच, पण २५० वर्षांची लीज म्हणजे आमच्या वकील मैत्रिणीच्या भाषेत नाव वेगळं, मालकीच ती.

या व्यवहारावर आमच्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. कौन्सिलची बाजू अशी की सिसूशी कोर्टबाजी चालू आहे, रोज नवीन दावा, स्टेडियम तोट्यात, आणि समोर रोख घेणारा उभा आहे. शहराच्या तिजोरीच्या नजरेतून बरोबरच वाटेल. पण ज्या शहरातल्या लोकांसाठी म्हणून ते स्टेडियम सरकारी पैशातून उभं राहिलं, त्याच लोकांचा क्लब तिथे कायमचा पाहुणा झाला, आणि त्या लोकांना कोणी विचारलं नाही. वास्प्सचे जुने फॅन्सही बिचारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर फेकले गेले, त्यांनाही नाही विचारलं. सीए म्हणाला विकताना एक अट घालता आली असती की कॉव्हेंट्री सिटीला अमुक वर्षं अमुक भाड्यानं खेळायचा हक्क राहील आणि गल्ल्यात वाटा, मग घेणारा कोणी का असेना. मला त्या सगळ्या चर्चेत हेच एक वाक्य सर्वात कामाचं वाटलं.

वास्प्सनी २०१५ मध्ये ३ कोटी ५० लाख पौंडांचे बाँड काढले, म्हणजे लोकांकडून कर्ज घेतलं, साडेसहा टक्के व्याजानं. ते पुढे अंगाशी येणार होते.

क्लब २०१७ मध्ये चौथ्या डिव्हिजनला. २०१८ ला वर. आणि २०१९ ला पुन्हा तेच, सिसूच्या तक्रारी युरोपियन कमिशनपर्यंत गेलेल्या, वास्प्सचं म्हणणं आधी कायदेशीर भांडण थांबवा, करार झाला नाही, क्लब दुसऱ्यांदा शहराबाहेर. या वेळी बर्मिंगहॅमला, सेंट अँड्र्यूजवर, दोन सीझन. गंमत बघा, नव्हे, गंमत म्हणवत नाही, पण २०२० मध्ये लीग वन जिंकली ती घर नसताना.

२०२१ ला परत आले, दहा वर्षांचा करार करून. स्टेडियमचं नाव आता कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी एरिना. पहिल्या मॅचला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल, २-१. वाटलं संपलं एकदाचं. तर २०२२ च्या उन्हाळ्यात कॉमनवेल्थ गेम्सचं सेव्हन्स रग्बी तिथेच झालं, मैदान उखडलं, सीझनच्या सुरुवातीच्या होम मॅचेस पुढे ढकलल्या. भाडेकरू असल्याचा हा अगदी साधा, रोजचा अर्थ. ऑक्टोबरात वास्प्स दिवाळखोरीत गेले. नोव्हेंबरात माइक अ‍ॅशलीच्या फ्रेझर्स ग्रुपनं स्टेडियम १ कोटी ७० लाखांना घेतलं, आणि डिसेंबरात क्लबला जागा सोडायची नोटीस, कारण जुना करार जुन्या मालकाशी होता. नवीन करार झाला, पण बघा, दहा वर्षांचा कागद दीड वर्षात रद्दी.

जानेवारी २०२३ मध्ये डग किंग नावाच्या उद्योजकानं क्लब पूर्ण ताब्यात घेतला, सिसू बाहेर. त्याच मे महिन्यात वेम्बलीवर प्लेऑफ फायनल, ल्यूटनकडून पेनल्टीवर हरले, प्रीमियर लीग एका किकनं हुकली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये किंगच्या काळात क्लबनं फ्रेझर्सकडून स्टेडियम घेतलं.

मग बालेवाडीचं काय

आता आमच्या मूळ प्रश्नावर. ग्राउंड स्वतःचं असतं तर पुण्यात क्लब राहिला असता?

माझं उत्तर आता नाही असं आहे, आणि आधी हो होतं. कॉव्हेंट्रीकडे हायफील्ड रोड स्वतःचं होतंच की, कित्येक वर्षं. मालकी होती म्हणूनच तर ते विकता आलं. मालकी क्लबच्या नावावर असते पण सही मालकाची चालते, आणि मालक अडचणीत आला की पहिली विकली जाते ती जमीन. आपल्याकडे मालकच पैशानं अडचणीत आले होते, तिथे ग्राउंड असतं तर तेही गेलं असतं आणि आज तिथे टॉवर असते. बालेवाडी-म्हाळुंगेचा भाव सगळ्यांना माहितीय.

वकील मैत्रिणीनं मग चेल्सीचं सांगितलं. तिथे मैदानाची जमीन चेल्सी पिच ओनर्स नावाच्या कंपनीकडे आहे, जिचे शेअर हजारो फॅन्सकडे, आणि चेल्सी हे नाव वापरायचा हक्कही त्यांच्याकडेच. २०११ मध्ये क्लबनं ती जमीन परत मागितली, मतदान झालं, ७५ टक्के हवे होते, ६१.६ पडले, नाही मिळाली. क्लबचा तेव्हाचा अब्जाधीश मालक अब्रामोविच, त्याच्यासारख्या माणसाला शेअरहोल्डर फॅन्सनी नाही म्हणून दाखवलं. आणि विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये उचलून मिल्टन कीन्सला नेला तेव्हा फॅन्सनी २००२ मध्येच, नुसती परवानगी मिळाल्यावरच, स्वतःचा नवा क्लब काढला आणि २०२० मध्ये तो प्लाउ लेनला, आपल्या भागात, परत नेला. आपली पुण्याची गोष्ट कॉव्हेंट्रीपेक्षा खरं तर विम्बल्डनच्या जवळची, क्लब गावाबाहेर गेलेला, फरक एवढाच की आपण दुसरा क्लब उभा केला नाही. तेव्हा आपल्यात तेवढी माणसं नव्हती असं काका म्हणतात. मला वाटतं माणसं होती, एकमेकांना ओळखत नव्हती. ईस्ट स्टँडमधले आम्ही तीस-चाळीस जण दर मॅचला भेटायचो आणि कोणाकडे कोणाचा नंबर नव्हता.

काकांचा मुद्दा वेगळा आणि तो मला आवडला. ते म्हणाले हे फुटबॉलचं कसलं, मुंबईत ब्रेबोर्न क्लबाचं आणि क्रिकेट संघटना वेगळी, तिकिटांच्या वाटणीवरून बिनसलं म्हणून १९७५ ला वानखेडे उभं राहिलं, मरीन ड्राइव्हवर एकाच्या हाकेवर दुसरं. पुण्यातही नेहरू स्टेडियम महापालिकेचं, पुढे संघटनेनं गहुंज्याला स्वतःचं बांधलं. "पण स्वारगेटहून मी चालत जायचो रे, गहुंज्याला मला कोण नेणार?" काका ७४ वर्षांचे आहेत. गहुंजे झाल्यापासून ते एकदाच गेलेत. जागेचे कागद सुधारले आणि काका बाहेर राहिले, हाही खर्च धरायला हवा. कॉव्हेंट्रीतही नवीन स्टेडियमला स्वतःचं रेल्वे स्टेशन मिळालं ते जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे उघडल्यावर दहा वर्षांनी.

सरकारी ग्राउंडवर भाड्यानं खेळणं यात मला आता काही वाईट वाटत नाही. भाडं झेपणारं असावं, गल्ल्यात क्लबचा वाटा असावा, करार चालवणारा बदलला तरी टिकावा, आणि क्लब शहराबाहेर न्यायचा असेल तर फॅन्सचं मत घेतल्याशिवाय नेता येऊ नये, एवढं कागदावर हवं. यातलं शेवटचं कोणताही मालक आपणहून देणार नाही, ते मागावं लागतं, आणि मागायला आधी जमावं लागतं.

सीए मित्राला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो की किंग चांगला निघाला म्हणून आज सगळे खूश, पण स्टेडियम आणि क्लब परत एकाच हातात आलेत, जसे हायफील्ड रोड विकायच्या आधी होते. उद्या त्यानं कर्जासाठी गहाण टाकलं तर? मावसभावानं तिकडच्या त्या सहकाऱ्याला हेच विचारलं. त्याचं उत्तर आलं की आम्हाला माहितीय, पण वडील या सीझनला परत शेजारच्या खुर्चीवर आहेत, जरा दोन वर्षं बसू दे.

गेल्या शनिवारी आम्ही एक वही केली आहे. बालेवाडीला जाणारे जे जे आठवतात त्यांची नावं आणि नंबर. सध्या एकोणीस झालेत.